राजाराम तलाव ते मिरामार

जानेवारी 2024 मध्ये मी एक लाख दहा हजारांची सायकल घेतली आणि फेब्रुवारीच्या शेवटी मला आमच्या बँकेचा जिना उतरता येईना. चढताना काही नाही. उतरताना मात्र उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुरी फिरवल्यासारखं दुखायचं. ऑक्टोबरच्या गोव्याच्या हाफ आयर्नमॅन ट्रायथलॉनसाठी नाव नोंदवून झालं होतं. 1.9 किलोमीटर समुद्रात पोहायचं, मग 90 किलोमीटर सायकल, मग 21.1 किलोमीटर पळायचं, आणि हे सगळं साडेआठ तासांत. वय 44, घर कोल्हापुरात, बँकेची वेळ दहा ते सहा. पोहायला मी शिकले एक्केचाळिसाव्या वर्षी, मुलीला क्लासला सोडायला जाता जाता.

गुडघा दाखवायला आधी एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्स-रे पाहिला, माझं वय पाहिलं आणि म्हणाले, "पळणं बंद करा, चाला रोज." गोळ्या दिल्या. गोळ्यांनी चार दिवस बरं वाटलं आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. बँकेतल्या एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून मग एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेले. वयाने माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. त्यांनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि मला आरशासमोर एका पायावर उभं राहून हळूहळू खाली वाकायला सांगितलं. वाकताना माझा गुडघा सरळ पुढे न जाता आत कोसळत होता. तो मलाही आरशात दिसला. "गुडघ्याचा दोष नाही ताई, कमरेच्या बाजूचे स्नायू पाय धरून ठेवत नाहीत. आणि उद्या येताना सायकल घेऊन या."

सायकल घेऊन या, असं मला तोपर्यंत कोणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सायकलवर बसवलं, पायडल अगदी खाली नेलं आणि गुडघ्याचा कोन मोजला. पायडल तळाला असताना गुडघा साधारण 25 ते 35 अंश वाकलेला असायला हवा. माझा जवळजवळ सरळ होता. सीट एवढी उंच होती की प्रत्येक फेरीला कंबर डावी-उजवीकडे हलत होती आणि मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत जाणारा पट्टा तासाला हजारो वेळा घासला जात होता. मॅडमनी सीट थोडी खाली केली, पण म्हणाल्या, हे माझं काम नाही, नीट बाइक फिट करून घ्या.

त्यासाठी एका शनिवारी पुण्याला गेले. तीन तास लागले. सीट 22 मिलिमीटर खाली आली आणि किंचित पुढे सरकली, बुटाच्या तळाचे, पायडलला अडकणारे क्लीट फिरवले, हँडलची लांबी कमी झाली. साडेचार हजार रुपये. येताना गाडीत माझ्या मनात एकच हिशेब चालला होता: सायकल घेताना मी चाकांचं वजन ग्रॅममध्ये विचारलं होतं, गिअरचं मॉडेल विचारलं होतं, आणि ती माझ्या मापाची आहे का, हे विचारलं नव्हतं. दुकानदारानेही स्वतःहून सांगितलं नव्हतं.

फिजिओ मॅडमनी पळणं बंद केलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. एक मिनिट पळा, एक मिनिट चाला, असं वीस मिनिटं. दुखलं तर तिथेच थांबायचं. रोज पंधरा मिनिटं व्यायाम: कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, गुडघ्यांभोवती रबरी पट्टा बांधून बाजूला चालणं, पायरीवरून एका पायाने हळू उतरणं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मी ते स्वयंपाकघरातच करायचे. सहाव्या आठवड्यात बँकेचा जिना सरळ उतरले. पूर्ण वर्षात त्यांच्याकडे चौदा वेळा गेले, एका वेळेचे चारशे रुपये.

माझा पहिला प्रशिक्षक ऑनलाइन होता. कोण, ते सांगत नाही. दर रविवारी रात्री ॲपवर पुढच्या आठवड्याचा आराखडा यायचा. गुडघ्याचं मी सविस्तर लिहून कळवलं. उत्तरात अंगठा आला आणि पुढच्या आठवड्यात चढावर धावण्याचे सहा फेरे. दुसऱ्या शहरातल्या एका मैत्रिणीचा आराखडा मी योगायोगाने पाहिला, तर तारखा सोडून सगळं तेच. ती 29 वर्षांची, शाळेपासून धावणारी. तीन महिन्यांचे पैसे भरले होते, ते गेले. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण पैशांपेक्षा ते तीन महिने जास्त महाग होते.

त्यानंतर कोल्हापुरातल्याच एका सरांच्या गटात गेले. रविवारी पहाटे पाच वाजता शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात सगळे जमायचे. सरांनी पहिल्या दिवशी माझ्यासोबत तीन किलोमीटर पळत मला घरची सगळी माहिती विचारली. मला वाटलं ओळख करून घेताहेत. शेवटी म्हणाले, "तुम्हाला बोलता येईना झालं तेव्हा वेग जास्त होता. आठवड्यातले बहुतेक दिवस बोलता येईल एवढ्याच वेगाने पळायचं." आठवड्यातून एकदाच जोर लावायचा. पन्हाळ्याचा घाट त्या एका दिवसाचा. आणि महिन्यातून दोनदा ब्रिक, म्हणजे सायकलवरून उतरल्या उतरल्या पळायचं. पहिल्या ब्रिकला कागलच्या दिशेने 40 किलोमीटर जाऊन-येऊन उतरले आणि पाय कोणाचे आहेत हेच कळेना, जमीन लागतच नव्हती. सर म्हणाले, दहा मिनिटांत जातं, फक्त पावलं छोटी ठेवा. खरंच दहाव्या-बाराव्या मिनिटाला पाय परत आले. हे आधी अनुभवलेलं नसतं तर गोव्यात मी घाबरून चालायला लागले असते.

एक गोष्ट बायकांसाठी मुद्दाम लिहिते. एप्रिलमध्ये गुडघा बरा असूनही मी सतत थकलेली होते. जिना चढले तरी छातीत धडधड, दुपारी बँकेत डोळे मिटायचे. मी समजत होते की सराव जास्त होतोय, सगळे तसंच म्हणत होते. सरांनी मात्र सराव कमी केला नाही, मला रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन 10.4, आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन 9. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाळीत जातं, पळताना घामातून आणखी जातं, आणि तुम्ही चहा पिता जेवणावर. लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्यासोबत घ्यायच्या, चहा त्याच्या आगेमागे तास-दोन तास नाही. त्यांनी ईसीजी आणि ट्रेडमिलवरची तपासणीही करून घेतली, चाळिशीनंतर हे केल्याशिवाय सोडत नाही म्हणाल्या. ऑगस्टमध्ये हिमोग्लोबिन 12.3 झालं. तीच मी, तोच रस्ता, आणि पन्हाळ्याच्या घाटात मला पहिल्यांदा आजूबाजूची झाडं दिसली.

पोहण्याची भीती माझी सगळ्यात मोठी. तलावात, म्हणजे पोहायच्या टाकीत, दर 25 मीटरला भिंत असते. हात लागतो, जीवात जीव येतो. विद्यापीठामागच्या राजाराम तलावात भिंत नाही, तळ दिसत नाही, आणि पाणी हिरवट काळं. कोल्हापुरात ट्रायथलॉन करणारे बहुतेक सगळे तिथेच तयार होतात. पोहण्याचे सर वेगळे होते, निवृत्त, शिट्टी गळ्यात. कंबरेला नारिंगी फुगा बांधल्याशिवाय ते कोणाला पाण्यात उतरू देत नसत, अगदी जुन्या पोहणाऱ्यालाही. फुग्याने वेग कमी होत नाही, लांबून माणूस दिसतो, आणि दमलं तर त्याला मिठी मारता येते. पहिला महिना मी मिठी मारण्यासाठीच पोहले. मग सरांनी दर आठ हातांनी मगरीसारखे फक्त डोळे वर काढून पलीकडच्या काठावरचं एक झाड बघायला शिकवलं. डोकं पूर्ण वर काढलं की पाय बुडतात, पाय बुडले की दम जातो. एवढंच सूत्र, पण अंगात मुरायला मे महिना उजाडला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मालवणला गेलो, चिवला बीचवर. तिथे दरवर्षी समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धा होतात, कारण किनारा वळसा घेऊन आत आलेला आहे आणि पाणी तुलनेने शांत. तरी समुद्र तो समुद्र. पहिल्या दिवशी मी चाळीस मीटरवरून परत फिरले. नाकातोंडात खारं पाणी, लाट तोंडावर. नवऱ्याने एका होडीवाल्या काकांशी बोलून त्यांची छोटी होडी दोन सकाळी ठरवली. काका माझ्या बाजूने वल्हवत राहिले आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत राहिले: "लाट इली काय बुडी मार, बाय. तिच्याशी भांडू नको." दुसऱ्या सकाळी आठशे मीटर झाले. पावसाळ्यात समुद्र बंद, त्यामुळे पुन्हा गेले ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि काकांनी मला ओळखलं.

जुलैत पंचगंगेने 43 फुटांची धोका पातळी ओलांडली. निम्मे रस्ते बंद, तलावात जायचा प्रश्नच नाही. तीन आठवडे सायकल हॉलमध्ये होम ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पायडल मारायच्या स्टँडवर लावली. पुढे टीव्हीवर पुराच्या बातम्या आणि मी पायडल मारतेय, याची मला लाज वाटायची. दोन रविवार सराव सोडून आमचा सगळा गट निवारा केंद्रांत भाकरी पोचवायला गेला. सरांनी ते वहीत सराव म्हणूनच लिहिलं.

भाकरीवरून आठवलं. आमच्याकडे रोज चपात्या-भाकरी करून देणाऱ्या मावशी मी एप्रिलपासून लावल्या. सासूबाईंना सुरुवातीला ते पटलं नव्हतं, घरात दोन बायका असताना बाहेरची भाकरी कशाला. मी त्यांना रक्ताचा रिपोर्ट वाचून दाखवला. त्या दिवसापासून मेथी, हळीवाचे लाडू आणि नाचणीचं आंबील हे खातं त्यांनी स्वतःकडे घेतलं, आणि पहाटे साडेचारला माझ्या आधी उठून त्या दाराची कडी काढून ठेवायच्या, मुलगी जागी होऊ नये म्हणून.

खाण्याचं नियोजन मुंबईच्या एका क्रीडा आहारतज्ज्ञांकडून करून घेतलं, व्हिडिओवर फक्त दोन भेटी. त्यांनी मला घाम मोजायला लावला. मेच्या उन्हात तासभर पळायच्या आधी वजन 61.4 किलो, नंतर 60.3, मध्ये 300 मिली पाणी प्यायले. म्हणजे तासाला 1.4 लिटर घाम. नुसतं पाणी पीत राहिले असते तर रक्तातलं सोडियम उतरून चक्कर, उलट्या, त्याहून वाईटही होऊ शकतं. म्हणून ओआरएस, आणि तेही पाकिटावर लिहिलंय तसंच, एक पाकीट एक लिटर पाण्यात, अंदाजाने नाही. पण लिटरभर ओआरएसमध्ये साखर असते फक्त साडेतेरा ग्रॅम. मला तासाला पन्नास ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं लागणार होती. खेळाडू घेतात त्या महागड्या गोड जेलने मला मळमळायचं. शेवटी ठरलं ते असं: सायकलवर मीठ लावलेले उकडलेले छोटे बटाटे, बी काढलेले खजूर आणि गुळाची शेंगदाणा चिक्की, पळताना फक्त पेय. आमच्या गुळाने मला दगा दिला नाही, हे कोल्हापूरकर म्हणून आनंदाने नोंदवते.

आणि सायकल दुकानातले मामा. महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं छोटं दुकान, चाळीस वर्षं झाली असतील. माझ्यासारखी सायकल त्यांच्याकडे क्वचित येते, पण चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढण्यात त्यांचा हात धरणारा मी पाहिला नाही; आऱ्यावर बोट आपटून आवाजावरून सांगतात कोणती सैल आहे. मी त्यांना सांगितलं, स्पर्धेत बाहेरच्या कोणाची मदत घेतली तर बाद करतात, पंक्चर मलाच काढता आलं पाहिजे. मामा गंभीर झाले. "मग बसा की हितंच." शनिवारी बँकेतून सुटले की अर्धा तास त्यांच्या स्टुलावर. मागचं चाक आधी, कारण ते अवघड. चेन सगळ्यात लहान चक्रीवर घ्यायची, मगच चाक सोडायचं. टायर काढल्यावर आतून बोट फिरवून काटा शोधायचा, नाहीतर नवी ट्यूबही जाते. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून मग बसवायची, म्हणजे पीळ पडत नाही. पहिल्या दिवशी 31 मिनिटं लागली. सप्टेंबरमध्ये आठवर आले. शिकवण्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत; ओव्हरहॉलिंगचे तेवढे सहाशे घेतले.

फिजिओ, बाइक फिट, आहारतज्ज्ञ, होडी, मामा, सगळं मिळून वीस हजारांच्या आत बसलं. कोणी मला विचारलं तर मी आता सांगते, आधी हे वीस हजार बाजूला काढा आणि उरतील त्यात सायकल घ्या. जुनी चालेल. मापाची हवी.

शनिवारी, 26 ऑक्टोबरला, गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर सायकल जमा केली. आंबोलीमार्गे आदल्या दिवशीच पोचलो होतो. रविवारी पहाटे डाव्या घोट्याला वेळ मोजायची चिप बांधून वाळूत उभी राहिले. गोव्याचं पाणी कोमट, वेटसूटची भानगड नाही. थोडे थोडे लोक सोडतात, त्यामुळे चेंगराचेंगरी होत नाही. तरी पहिल्या बोयाआधीच, म्हणजे पाण्यातल्या खुणेच्या फुग्याआधीच, कोणाचा तरी पाय माझ्या चष्म्यावर बसला आणि श्वास अडकला. तीच चाळीस मीटरवाली भीती. नियम मला पाठ होता: मदतीसाठी असलेली कयाक, म्हणजे छोटी वल्ह्याची होडी, धरून थांबता येतं, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. हात वर केला. कयाकवरचा मुलगा विशीतला असेल. त्याने टोक माझ्याकडे वळवलं आणि म्हणाला, "भिवूं नाका." मी धरलं, दहा श्वास मोजले, सोडलं. पुढच्या लाटेला बुडी मारली. हातांवर जेलीफिशची आग होत होती, पण बाहेर आले तेव्हा घड्याळात 1 तास 2 मिनिटं होती. मुदत 1 तास 10 मिनिटांची.

सायकलवर समोरच्यापासून बारा मीटर अंतर ठेवायचं असतं, वाऱ्याचा आडोसा घेतला तर दंड. मी एकटीच होते बहुतेक वेळ, ते बरंच. बटाटे संपले, खजूर सुरू झाले, आणि 61 व्या किलोमीटरला मागचं चाक बसलं. रस्त्याकडेला उतरले. एक काका मदतीला धावत आले, त्यांना हात जोडून थांबवलं. चेन लहान चक्रीवर. टायर काढला, आतून बोट फिरवलं, तारेचा बारीक तुकडा बोटाला लागला. थोडी हवा, ट्यूब, टायर, पुन्हा हवा. साडेसात मिनिटं. मामांचं दुकान, त्यातला तेलाचा वास, सगळं तिथे त्या रस्त्यावर माझ्यासोबत होतं. सायकल 3 तास 58 मिनिटं.

पळण्याचं फार सांगण्यासारखं नाही. ऊन होतं. पाणी देणारी शाळा-कॉलेजची मुलं सकाळपासून उभी होती आणि तरी प्रत्येकाचा नंबर वाचून हाक मारत होती. बर्फ टोपीत, बर्फ मानेवर, चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. दोनापावलाच्या बाजूला चढ आला की छोटी पावलं. चौदाव्या किलोमीटरला गुडघा थोडा बोलला, मी कमरेच्या स्नायूंवर लक्ष दिलं आणि तो गप्प झाला. शेवटच्या वळणावर मुलगी दोरीपलीकडून माझ्याबरोबर पळत होती, चपला हातात घेऊन. 8 तास 12 मिनिटं.

सासूबाईंना फोन लावला तर त्या उद्याच्या वसुबारसेच्या तयारीत होत्या. "पोचलीस ना? जेवलीस का?" एवढं म्हणून रडायला लागल्या. मामांनी पंक्चरची गोष्ट दोनदा सांगायला लावली आणि कोणत्या चाकाचं, ते तीनदा विचारलं. संध्याकाळी फिजिओ मॅडमचा फोन आला. त्यांनी वेळ विचारली नाही.

"गुडघा कसा आहे ताई?"

"ठीक आहे. जिना उतरून पाहिला हॉटेलचा."

"सुजलाय का?"

"नाही."

"मग भाऊबीज झाली की सोमवारी सकाळी या. डावी बाजू अजून कच्ची आहे तुमची."